किनारा किती धोक्यात? मूल्यमापन आणि अनुकूलन आराखडा : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

कामाला आजपासून सुरुवात. पट्टा ठरला आहे. एका टोकाला खडकाळ भूशिर, तिथून लांब पुळण, पुळणीच्या शेवटी वाळूचा दांडा, त्यापलीकडे खाडीमुख आणि खाडीत आत गेलेलं कांदळवन. पुळणीच्या मधोमध जुनी संरक्षक भिंत. पुळण आणि दांडा यांच्या मागे सखल जमीन, आणि तिच्यावर वस्ती. नावगाव या नोंदींत घालत नाही. असे पट्टे जगभर आहेत आणि नोंदी पद्धतीविषयी आहेत.

आम्हाला दोन गोष्टी द्यायच्या आहेत: धोक्याचा नकाशा आणि अनुकूलनाचा आराखडा. आजच्या पहिल्याच बैठकीत मी एक आग्रह धरला. नकाशा आधी, आराखडा नंतर, असा क्रम नको. कोणते निर्णय घ्यायचे आहेत ते आधी लिहून काढू, मग त्या निर्णयांना लागेल तेवढंच मोजू. रंगीत नकाशे कपाटात पडून राहतात, कारण लाल रंग दिसल्यावर नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच नसतं.

मांडणी आयपीसीसीने (हवामानबदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ) २०१४ च्या अहवालात रूढ केलेली वापरतोय. जोखीम तीन गोष्टींच्या भेटीतून तयार होते: संकट (लाट, उधाण, वादळ), संकटाच्या वाटेत काय आणि कोण आहे, आणि जे वाटेत आहे ते किती सोसू शकतं. यातली तिसरी गोष्ट म्हणजे खरी असुरक्षितता. ओस पडलेला सखल किनारा पाण्याखाली गेला तर बातमी होत नाही. त्याच उंचीवर दवाखाना असेल तर गोष्ट वेगळी.

१५ जानेवारी

समुद्रपातळीचे आकडे एकदाचे नक्की केले, म्हणजे पुढे प्रत्येक बैठकीत त्यावरून वाद नको.

आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने चढली. चढण्यापेक्षा वेग वाढणं जास्त काळजीचं आहे: १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला १.३ मिमी, १९७१ ते २००६ मध्ये १.९ मिमी आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिमी. शतकअखेरीचा अंदाज, १९९५–२०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, अत्यल्प उत्सर्जनात ०.२८ ते ०.५५ मीटर आणि अत्युच्च उत्सर्जनात ०.६३ ते १.०१ मीटर. त्याखाली एक तळटीपवजा इशारा आहे आणि तो आम्ही तळटीपेत ठेवणार नाही: हिमस्तरांच्या अस्थिरतेमुळे २१०० पर्यंत २ मीटरच्या जवळ जाण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.

हा झाला जगाचा हिशेब. आपल्या किनाऱ्याला लागू पडते ती सापेक्ष पातळी, म्हणजे समुद्र किती चढला आणि जमीन किती खचली याची बेरीज. जकार्ताचे काही भाग भूजलाच्या उपशामुळे वर्षाला कित्येक सेंटीमीटर खचत आले आहेत. तिथे समुद्राची वाढ मिलिमीटरांत आणि जमिनीचं खचणं सेंटीमीटरांत, अशी स्थिती. टोकियोने विसाव्या शतकात हेच भोगलं, पण उपशावर निर्बंध आल्यावर खचणं बरंचसं थांबलं. म्हणून आमच्या यादीत ‘भूजल उपसा’ हा मुद्दा पहिल्या दिवसापासून ठेवला आहे. किनारा वाचवण्याचे जे थोडे उपाय पूर्णपणे स्थानिक लोकांच्या हातात आहेत, त्यात हा एक.

१७ जानेवारी

परवाच्या आकड्यांत एक भर. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या चक्रामुळे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीची उंची सुमारे ३.७ टक्क्यांनी खालीवर होते. सध्या हे चक्र उतरतीच्या टोकाकडे आहे, २०३० च्या दशकाच्या मध्याला ते चढतीला असेल. म्हणजे येत्या काही वर्षांत उधाणं सौम्य वाटली तरी हुरळून जायचं नाही. मोजमापाची मालिका एका चक्रापेक्षा छोटी असेल तर तिच्यातून काढलेल्या कलावर मी सही करणार नाही.

२४ जानेवारी

किनारारेषेचं काम. उपग्रहचित्रांची चैन आज आहे तशी पूर्वी कधीच नव्हती. लँडसॅटची ३० मीटर बारकाव्याची चित्रं १९८४ पासूनची मिळतात, सेंटिनेल-२ ची १० मीटरची २०१५ पासूनची. याच जुन्या-नव्या चित्रांच्या आधारे २०१८ मध्ये जगभरच्या वालुकामय किनाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २४ टक्के किनारे वर्षाला अर्ध्या मीटरहून जास्त वेगाने मागे सरकत होते, २८ टक्के पुढे येत होते, उरलेले स्थिर होते. ‘सगळेच किनारे खचताहेत’ असं सरसकट बोलणाऱ्यांनी दुसरा आकडा वाचावा, आणि ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी पहिला.

अडचण निराळीच आहे. किनारारेषा म्हणायचं कशाला? चित्रात तीन-चार रेषा दिसतात: पाण्याची तात्पुरती कड, ओल्या आणि कोरड्या वाळूची सीमा, मागच्या भरतीने टाकलेल्या कचऱ्याची ओळ, झाडोऱ्याची सीमा. यातली कुठलीही चालते, पण एकदा निवडली की सगळ्या वर्षांना तीच लावायची. पाण्याची कड सर्वांत फसवी. पुळणीचा उतार पन्नासास एक असेल तर भरतीच्या पातळीतला एक मीटरचा फरक रेषेला पन्नास मीटर आत-बाहेर नेतो. एक चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं घेतलं तर दोन चित्रांत अख्खी पुळण ‘वाहून जाते’ किंवा ‘तयार होते’, प्रत्यक्षात वाळूचा कणही हललेला नसतो.

म्हणून ठरलं ते असं: प्रत्येक चित्राची वेळ, त्या वेळची भरतीची पातळी आणि पुळणीचा उतार घेऊन रेषा सरासरी समुद्रपातळीवर आणायची. तुलना एकाच ऋतूतल्या चित्रांची करायची. वादळी हंगामात लाटा पुळणीची वाळू उचलून उथळ पाण्यातल्या वाळूच्या बांधात नेऊन ठेवतात, शांत हंगामात तीच वाळू हळूहळू परत येते. वादळानंतरचा फोटो दाखवून ‘किनारा गेला’ म्हणायचं आणि पुढच्या हंगामात गप्प बसायचं, असं आमच्या अहवालात होता कामा नये.

११ फेब्रुवारी

उधाणाची ओहोटी होती, त्यामुळे दिवसभर पुळणीवर. पाणी खूप आत गेलेलं आणि पुळणीचा छेद, म्हणजे तिच्या चढ-उताराची रेषा, मोजायला एरवी न मिळणारी जागा उघडी.

महागडी उपकरणं आमच्याकडे आहेत, तरी आज दोन काठ्यांची पद्धत मुद्दाम वापरली. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत गावातल्या शाळकरी मुलांनाही शिकवता येते, आणि दीर्घकाळ मोजायचं तर मोजणारा माणूस किनाऱ्यावरच राहणारा हवा. सारख्या उंचीच्या, सेंटीमीटरच्या खुणा केलेल्या दोन काठ्या. एक माणूस समुद्राकडच्या काठीपाशी, दुसरा जमिनीकडच्या. जमिनीकडच्याने डोळा आपल्या काठीला लावायचा आणि पुढच्या काठीचं टोक क्षितिजाच्या रेषेत आणायचं. ती नजर आपल्या काठीला वरच्या टोकापासून जितकी खाली छेदते तितका उतार. आकडा लिहायचा, मागच्याने पुढच्या काठीच्या जागी यायचं, पुढच्याने तितकंच अंतर पुढे जायचं, पुन्हा तेच. हवा स्वच्छ असायला हवी, क्षितिज धूसर झालं की थांबायचं.

जुन्या भिंतीसमोरचा छेद बघण्यासारखा आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पुळण सावकाश उतरते. भिंतीसमोर मात्र ती पायथ्याशीच बसलेली. पायथ्याचे दगड उघडे पडलेत, त्यांच्या फटींत बोट घातलं तर मागची माती हाताला लागते. लाट उभ्या भिंतीवर आपटते, मागे फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. जिथे भिंत संपते तिथे किनाऱ्याला बाक पडला आहे, कारण भिंतीआडून पूर्वी जी वाळू पुढच्या भागाला मिळायची ती आता कोंडली गेली आहे. भिंत बांधणाऱ्यांनी मागची जमीन वाचवली हे खरं. पुढची पुळण आणि शेजारचा किनारा यांच्यावर त्याची किंमत पडली, आणि ही किंमत बांधतेवेळी कुणाच्याच हिशेबात नव्हती.

२३ फेब्रुवारी

उंचीचे आकडे. सगळ्या प्रकल्पाचा पाया इथे आहे, आणि बहुतेक अहवालांत हेच पान सर्वांत पातळ असतं.

फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मापनावर आधारलेलं एसआरटीएम हे उंचीचं प्रारूप फुकट मिळतं, म्हणून सर्रास वापरलं जातं. रडार झाडांच्या शेंड्यांवरून आणि छपरांवरून परतलं की तीच जमीन धरली जाते. दाट वस्तीचा आणि झाडीचा किनारा त्यात आहे त्याहून उंच दिसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही चूक दुरुस्त करून पुन्हा मोजलं. सध्याच्या भरतीरेषेखालच्या जमिनीवर राहणारी माणसं एसआरटीएमनुसार २.८ कोटी होती, दुरुस्तीनंतर ती ११ कोटी निघाली. किनारा तोच, लोक तेच, केवळ मोजपट्टी बदलली.

ज्या प्रारूपाची चूक दोन-तीन मीटरची आहे त्यावर अर्ध्या मीटरच्या पाणीवाढीचा नकाशा काढण्यात काही अर्थ नाही. आमच्या पट्ट्यासाठी लायडार (लेसरने उंची मोजणारं) सर्वेक्षण मिळेल तिथे ते, आणि बाकी ठिकाणी जीपीएसने जमिनीवर घेतलेले बिंदू.

शिवाय आधारपातळीचा गोंधळ. समुद्राच्या नकाशांची शून्य पातळी साधारणपणे सर्वांत खालच्या ओहोटीजवळ असते, जमिनीच्या नकाशांची सरासरी समुद्रपातळीवर, आणि उपग्रह देतो ती उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली. तिन्ही एकाच पातळीवर आणेपर्यंत पुढे काही नाही. सर्वेक्षक दादा म्हणाले, “आधी शून्य कुठंय ते सांगा, मग बाकीचं बोला.” तेच वाक्य फलकावर लिहून ठेवलंय.

६ मार्च

आज निर्देशांक काढला, आणि आज जे दिसलं त्याने कामाची दिशा बदलली.

किनारी असुरक्षितता निर्देशांकाची कल्पना व्हिव्हियन गॉर्निट्झ यांनी १९९० च्या सुमारास मांडली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने पुढे सहा घटकांवर तिचा वापर केला: भूरूप, किनारी उतार, सापेक्ष समुद्रपातळीवाढ, किनारारेषेच्या बदलाचा वेग, भरतीचा पल्ला (भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक), लाटांची उंची. प्रत्येकाला १ ते ५ गुण, सहांचा गुणाकार, त्याला सहाने भागून वर्गमूळ. भारतात इन्कॉइस या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने अख्ख्या किनाऱ्याचा असा नकाशावजा संग्रह २०१२ मध्ये काढला, सात घटक घेऊन. देशाच्या पातळीवर ‘आधी कुठे बघायचं’ हे ठरवायला हे साधन चांगलं आहे.

आमचा पट्टा छोटा आहे. सहांपैकी तीन घटक, म्हणजे समुद्रपातळीवाढ, भरतीचा पल्ला आणि खोल पाण्यातल्या लाटा, पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जवळपास तेच. म्हणजे अर्धा निर्देशांक काहीच सांगत नाही. उरले तीन. वाळूच्या दांड्याला भूरूपाचे ५, उताराचे २, धूपवेगाचे ४ गुण: गुणाकार ४०. खाडीकाठाला भूरूपाचे ४, उताराचे ५, बदलाचे २: गुणाकार ४०. सामाईक तीन घटकांचा गुणाकार (३, ३, २) १८. दोन्हीकडे ७२०, भागिले सहा १२०, वर्गमूळ १०.९५.

दोन्ही तुकडे एकाच रंगाचे झाले. दांड्याला भीती लाटांची आणि धुपीची. वादळाच्या एका रात्रीत तो फुटू शकतो. खाडीकाठाला लाट जवळपास शिवतच नाही. तिथे निरभ्र दिवशी, वारा पडलेला असताना, उधाणाचं पाणी चुपचाप आत शिरतं. एकाला वाळू लागणार, दुसऱ्याला पाण्याच्या निचऱ्याची सोय आणि उंच जोती. १०.९५ या आकड्यातून यातलं काहीही कळत नाही.

भरतीच्या पल्ल्याचे गुणही वादाचे आहेत. गॉर्निट्झ यांच्या मांडणीत मोठा पल्ला धोक्याचा. अमेरिकी सर्वेक्षणाच्या मांडणीत नेमका लहान पल्ला धोक्याचा, कारण तिथे पाणी कायम भरतीच्या पातळीजवळच असतं आणि वादळ कधीही आलं तरी भरती साधतं. मोठ्या पल्ल्याच्या किनाऱ्यावर वादळ ओहोटीला आलं तर बचावाची संधी असते. दोन्ही युक्तिवाद आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकाच किनाऱ्याला एक पद्धत १ देते, दुसरी ५, हे अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याला कळायला नको का?

निर्देशांक परिशिष्टात राहील. मुख्य नकाशा एक नसेल. धूप, उधाणाचं पाणी, वादळी लाट आणि खारं पाणी जमिनीत मुरणं, या प्रत्येकाचा स्वतंत्र.

९ मार्च

वस्तीत बैठक. किनारारेषेचे नकाशे भिंतीवर लावले होते. एक मच्छीमार आजोबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “रेषा बरोबर आहे हो ताई. पण आमच्या घरात पाणी या बाजूनं येतच नाही. मागनं येतं. गटारातनं.”

मग त्यांनी बोटाने वाट दाखवली: खाडी, खाडीचा छोटा फाटा, फाट्याला मिळणारं पावसाच्या पाण्याचं गटार, आणि गटार जिथे उघडतं तिथे वस्तीतला सर्वांत सखल भाग. उधाणाच्या दिवशी गटार उलटं वाहतं. त्याच वेळी पाऊस असेल तर पावसाला जायला वाटच नसते.

वाटेत असलेल्या अजून दोन गोष्टी बायकांनी सांगितल्या. एक, विहिरींच्या पाण्याची चव कोणत्या महिन्यात बदलते. दुसरी, अपंग आणि अंथरुणाला खिळलेली माणसं कोणत्या गल्ल्यांत राहतात. दुसरी गोष्ट कुठल्याही उपग्रहातून दिसणार नाही, आणि वादळाच्या रात्री सर्वांत आधी तीच लागेल.

२० मार्च

पाण्याचं प्रारूप नव्याने. ‘इतक्या उंचीखालचं सगळं बुडालं’ अशी आंघोळीच्या टबासारखी रीत सोडून दिली. पाण्याला वाट असेल तरच ते पोचतं, म्हणून गटारं, मोऱ्या, बांधांतल्या फटी नकाशात घातल्या. आजोबांनी दाखवलेली वाट प्रारूपात जशीच्या तशी उमटली.

वादळी लाटेचा हिशेब मंडळींना समजेल असा मांडला: हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर फुगतं. त्यावर वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी, त्यावर लाटा फुटल्याने चढणारी पातळी, आणि हे सगळं त्या वेळच्या भरतीवर. तेच वादळ उधाणाला आलं की भांगाला (छोट्या भरतीच्या दिवसांत) आलं, यावर सारं.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारी पातळी’ हे शब्द अहवालातून काढून टाकतोय. ऐकणाऱ्याला वाटतं मागच्या वर्षी येऊन गेली, आता शंभर वर्षं निवांत. दर वर्षी एक टक्का शक्यता असेल तर तीस वर्षांत ती एकदा तरी गाठली जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. घर बांधणारा माणूस तीस वर्षांचाच विचार करतो, त्याला हाच आकडा सांगायला हवा. तोही आजच्या समुद्रपातळीचा झाला. आयपीसीसीच्या मते २१०० पर्यंत निम्म्याहून जास्त भरतीमापक केंद्रांवर आजची ही ‘शंभर वर्षांची’ पातळी वर्षाला किमान एकदा येऊ लागेल.

२८ मार्च

वाळूचा जमाखर्च. दांड्याची धूप समुद्रपातळीमुळे किती आणि वाळू कमी मिळाल्यामुळे किती, हे वेगळं केल्याशिवाय उपाय सुचवणं अंधारात चाचपडणं आहे.

समुद्रपातळीपुरता ठोकताळा अभियंते पेर ब्रून यांचा, १९६२ चा. पातळी अर्धा मीटर वाढली, पुळणीचा हलता छेद ८०० मीटर लांब आणि १० मीटर उंच असेल तर किनारा ४० मीटर मागे. गणित सोपं, म्हणून लोकप्रिय. पण ते धरून चालतं की वाळू फक्त समुद्राकडे आणि परत अशी हलते, किनाऱ्याला समांतर वाहत नाही, बाहेरून येत नाही, बाहेर जात नाही. खऱ्या किनाऱ्यावर यातलं एकही गृहीत टिकत नाही. आम्ही हा आकडा ‘किमान विचारात घ्या’ म्हणून देऊ, भाकीत म्हणून नाही.

वाळू अडते कुठे? नदीवरच्या धरणांत. आस्वान धरणानंतर नाईलच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा मागे हटला, आकोसोंबो धरणानंतर घानात व्होल्टाच्या मुखाजवळच्या किनाऱ्याचा गाळ तुटला. बंदरांच्या बांधांतही अडते. पुदुच्चेरीला बंदराच्या बांधांनी उत्तरेकडे वाहणारी वाळू अडवली आणि शहरासमोरची पुळण जवळजवळ नाहीशी झाली. म्हणून आराखड्याच्या हद्दीत नदीचं वरचं पात्र आणि पात्रातला वाळू उपसाही घ्यायला हवा, असं लेखी कळवलं आहे. हद्द प्रशासनाची असते, वाळू ती मानत नाही.

८ एप्रिल

उपायांची चर्चा. ढोबळमानाने पाच वाटा: अडवणं, जुळवून घेणं, समुद्रात पुढे सरकणं, निसर्गाला बळ देणं, मागे हटणं. ‘पुढे सरकणं’ लगेच बाद. बाकीच्यांची सांगड.

दगड-काँक्रीटचं कठीण बांधकाम कुठेच नको, असं माझं मत नाही. दवाखाना, वीज उपकेंद्र, एकमेव रस्ता जिथे आहे तिथे भिंत लागेलच. पण भिंत बांधली की समोरची पुळण सोडून दिली, हे त्याच पानावर लिहून मान्यता घ्यायची.

मऊ उपायांत डच लोकांकडे बघावं. १९५३ च्या पुरात नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली आणि त्यातून प्रचंड बंधारे उभे राहिले, हे सगळे सांगतात. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं: १९९० पासून किनारारेषा आहे तिथे राखण्याचं धोरण, आणि ते मुख्यतः वाळू भरून. २०११ मध्ये तर २.१५ कोटी घनमीटर वाळू एकाच जागी टाकली आणि पुढची वाटणी लाटा-वाऱ्यांवर सोपवली. वाळू भरणं मात्र कायमचं व्रत आहे. आज भरली, उद्या वाहिली, परवा पुन्हा. ज्यांच्याकडे वाळूचा साठा आणि दर काही वर्षांनी निधीची हमी नाही त्यांनी हा रस्ता धरू नये.

१९ एप्रिल

कांदळवनाबद्दल. शंभर मीटर रुंदीचं कांदळवन लाटांची उंची १३ ते ६६ टक्क्यांनी कमी करतं असं अभ्यास सांगतात. पल्ला इतका मोठा, कारण झाडांची दाटी, मुळांची ठेवण, पाण्याची खोली सगळं बदलतं. वादळी लाटेचं फुगलेलं पाणी अडवायला मात्र शंभर मीटर पुरत नाहीत, तिथे किलोमीटरांची भाषा. समुद्रपातळी वर्षाला ६-७ मिमीपेक्षा वेगाने चढू लागली तर कांदळवनाला स्वतःखाली गाळ साठवून वर येत राहणं अवघड होतं. मग त्याला जमिनीकडे सरकायला जागा हवी. ती जागा आत्ता, रिकामी असताना राखून ठेवायची. आमच्या पट्ट्यात खाडीकाठाला अशी एक पट्टी आहे आणि तिच्यावर भराव पडायला लागला आहे. आराखड्यातली सर्वांत तातडीची ओळ हीच, आणि तिला खर्च जवळपास शून्य.

रोपं लावून फोटो काढण्याचा कार्यक्रम नको, एवढी विनंती. भरतीची वाट मोकळी केली तर बहुतेक ठिकाणी कांदळवन आपलं आपण येतं. चुकीच्या चिखलात लावलेली रोपं मरतात.

२ मे

आता मुख्य. २०८० मध्ये समुद्र किती असेल हे ठाऊक नसताना आज काय बांधायचं? उत्तर: तारखेला नाही, पातळीला बांधून घ्यायचं. लंडनच्या टेम्स खाडीसाठी २०१२ मध्ये स्वीकारलेली योजना अशीच आहे. पुढचे पर्याय मांडून ठेवलेत, समुद्र कोणत्या खुणेला पोचला की कोणत्या पर्यायाकडे वळायचं ते ठरलंय, आणि खुणांवर नजर ठेवली जाते.

यात निर्णय आणि अंमल यांच्यातला वेळ धरायलाच हवा. १९५३ चा तोच पूर इंग्लंडलाही बसला होता. टेम्स नदीवरचा पूर रोखणारा अडसर कामाला लागला १९८२ मध्ये. आमचं गणित असं: एखाद्या उपायाला निर्णयापासून पूर्ण होईपर्यंत वीस वर्षं लागणार असतील आणि पाणी वर्षाला ५ मिमीने चढत असेल, तर मधल्या काळात ते १० सेंटीमीटर चढेल. म्हणजे धोक्याच्या रेषेच्या १० सेंटीमीटर आधीच निर्णयाची खूण मारायची. वेग वाढला तर खूण आणखी खाली. ही एक ओळ समजली की सारा आराखडा समजतो.

समुद्रपातळी ही एकच खूण पुरणार नाही, ती फार हळू हलते. लोकांना दिसतील अशा खुणा निवडल्या: वर्षात किती वेळा गटार उलटं वाहिलं, दांड्याची सर्वांत अरुंद जागा किती रुंद उरली, ठरावीक विहिरींचा खारेपणा, भिंतीच्या पायथ्याशी वाळू किती खाली गेली.

१७ मे

वस्तीत पुन्हा बैठक, या वेळी स्थलांतराच्या विषयावर. टाळता येणार नव्हता. दांड्यामागच्या घरांच्या ओळीसाठी काही खुणांनंतर दुसरा पर्याय उरत नाही, आणि तो शब्द अहवाल छापून झाल्यावर लोकांनी वाचणं हा त्यांच्यावर अन्याय झाला असता.

फिजीतल्या वुनिदोगोलोआ गावाचं उदाहरण दिलं. २०१४ मध्ये हे गाव समुद्रापासून दूर, आपल्याच समाजाच्या जमिनीवर हललं. एका बाईंनी लगेच विचारलं, “आमची जमीन कुठंय?” यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं आणि आम्ही तसंच सांगितलं. आता पर्यायी जमीन आधी नक्की होत नाही तोवर स्थलांतराची खूण आराखड्यात लागू धरायची नाही, अशी अट घातली आहे. होड्या किनाऱ्यालाच राहणार, तेव्हा घर मागे आणि होडी-जाळ्याची जागा पुढे, अशी दुहेरी सोय हवी, हेही त्यांनीच मांडलं.

तोवर जीव वाचवण्याचं काम थांबत नाही. आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसं मेली. १९७२ पासून उभं केलेलं स्वयंसेवकांचं जाळं, निवारे, पूर्वसूचना यांनी पुढच्या वादळांतले मृत्यू फार मोठ्या प्रमाणात खाली आणले. २००७ च्या ‘सिद्र’मध्ये ते सुमारे ३,४०० होते. किनारा तितकाच सखल राहिला, लोकसंख्या वाढली, तरीही. आमच्या आराखड्यातला पहिल्या वर्षाचा निधी मी याच कामावर मागितला आहे: निवाऱ्यापर्यंतचा रस्ता, गटारांच्या तोंडाला एकतर्फी झडपा, आणि अंथरुणावरच्या माणसांची गल्लीनिहाय यादी.

२९ मे

आराखडा सादर. संकटनिहाय चार नकाशे, खुणांचा तक्ता, प्रत्येक खुणेसमोर मोजणारा कोण, किती दिवसांनी मोजणार, आकडा कुठे लिहिणार आणि खूण ओलांडली की बैठक किती दिवसांत बोलवायची. तक्त्यातला शेवटचा रकाना मंजूर व्हायला सर्वांत वेळ लागला. मोजायला सगळे तयार असतात, बैठकीची मुदत लिहून द्यायला नसतात. शेवटी ३० दिवस ठरले.

काठ्यांचा संच शाळेकडे दिला. मुलांनी भिंतीपासून ओहोटीरेषेपर्यंत एक छेद घेऊन दाखवला आणि आमच्या छेदाशी तो जुळला. गटाराच्या तोंडाशी रंगवलेली पट्टी बसवली आहे. ती वाचायचं काम आजोबांच्या नातीने मागून घेतलं. भराव पडत असलेल्या पट्टीवरचा आदेश अजून निघालेला नाही, सोमवारी त्यासाठी पुन्हा जायचं आहे.